खिशातला फायनान्शियल कॅल्क्युलेटर: हप्ता, ठेव आणि खरा व्याजदर

पाचबटणं

हप्ता तर मोबाइलवरही निघतो, मग वेगळा कॅल्क्युलेटर कशाला, असं नेहमी विचारलं जातं. मोबाइलवरची बहुतेक साधनं एकाच दिशेने चालतात: रक्कम, दर, मुदत घाला आणि हप्ता घ्या. फायनान्शियल कॅल्क्युलेटरवर पाचपैकी कुठलेही चार आकडे भरले की पाचवा निघतो. म्हणजे हप्ता माहीत असेल तर दरही काढता येतो. रोजच्या व्यवहारात गरज नेमकी याचीच असते. कर्ज देणारा हप्ता स्पष्ट सांगतो, दर मात्र त्याच्या सोयीच्या पद्धतीने सांगतो.

ती पाच बटणं अशी. एन म्हणजे हप्त्यांची संख्या. आय (काही यंत्रांवर आय/वाय किंवा आय%) म्हणजे व्याजदर. पीव्ही म्हणजे आजची रक्कम, पीएमटी म्हणजे दर वेळची सारखी रक्कम, आणि एफव्ही म्हणजे मुदत संपताना उरणारी किंवा मिळणारी रक्कम. एचपी १२सी (१९८१ पासूनचा), टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि कॅसिओचा एफसी-२००व्ही या तिन्हींवर हीच पाच आहेत, फक्त दाबायची रीत वेगळी.

एक उदाहरण धाग्यात शेवटपर्यंत वापरू: कर्ज ५,००,०००, दर वार्षिक ९ टक्के घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज), मुदत ५ वर्षं, हप्ता मासिक.

बीए टू प्लसवर:
सेकंड (बटणांच्या वर लिहिलेली कामं चालू करणारं बटण), सीएलआर टीव्हीएम (एफव्हीच्या वरचं). जुने आकडे पुसले.
सेकंड, पी/वाय (वर्षात किती हप्ते), १२, एंटर, मग सेकंड, क्विट.
६० एन
९ आय/वाय
५००००० पीव्ही
० एफव्ही
सीपीटी (उत्तर काढायचं बटण), पीएमटी.
उत्तर: −१०,३७९.१८.

१२सीवर:
एफ, फिन (एक्स-वाय अदलाबदलीच्या बटणावर).
६० एन
९ जी १२÷ (निळं अक्षर, आयच्या बटणावर. ९ भागिले १२ होऊन ०.७५ थेट आयमध्ये जातं.)
५००००० पीव्ही
० एफव्ही
पीएमटी. उत्तर तेच.

कॅसिओवर सीएमपीडी मोडमध्ये सगळ्या ओळी पडद्यावर खाली-खाली दिसतात. बाणाने ओळीवर जायचं, आकडा, ईएक्सई. शेवटी पीएमटीच्या ओळीवर येऊन सॉल्व्ह. नवशिक्याला हा सोपा जातो, कारण काय भरलंय ते समोर दिसतं.

उणे चिन्ह ही चूक नाही. पाच लाख हातात आले म्हणून अधिक, हप्ता हातातून जातो म्हणून उणे.

नवखा_गणक

धन्यवाद. बीए टू प्लसवर हेच आकडे जसेच्या तसे भरले तर हप्ता ४५,२५७.१० दाखवतोय. तीनदा केलं, तरी तेच.

दशांशचिन्ह

पी/वाय १ राहिलंय. त्यामुळे यंत्र ९ टक्के वार्षिक न धरता प्रत्येक हप्त्याला ९ टक्के धरतंय. पाच लाखांवर पहिल्याच महिन्याचं व्याज ४५,००० झालं, म्हणून हप्ता ४५ हजारांच्या वर गेला.

पी/वायमध्ये १२ टाइप केल्यावर एंटर दाबायचा राहतो, हे सगळ्यात जास्त वेळा घडतं. नुसतं टाइप करून क्विट केलं तर जुना १ तसाच राहतो. पुन्हा सेकंड, पी/वाय दाबून १२ दिसतंय का पाहा. आणखी एक: सेकंड, सीएलआर टीव्हीएम केल्याने पी/वाय बदलत नाही. यंत्र पूर्ण रीसेट केलं तर मात्र ते मूळ स्थितीला जातं, आणि सध्याच्या यंत्रांत ती मूळ स्थिती १ आहे.

उलटी चूकही होते. पी/वाय १२ ठेवून दर ०.७५ भरला की यंत्र त्याला पुन्हा १२ ने भागतं आणि हप्ता ८,४९३.१६ येतो. ही चूक जास्त वाईट, कारण ४५ हजार पाहून कुणीही थबकतो, साडेआठ हजार मात्र खरे वाटतात.

शिल्लकबाकी

म्हणून उत्तर वाचण्याआधी दोन कुंपणं मनात घालून घ्यावीत. साध्या भागाकाराने निघतात.

मुद्दल भागिले हप्ते: ५,००,००० ÷ ६० = ८,३३३.
पहिल्या महिन्याचं व्याज: ५,००,००० × ९ ÷ १२०० = ३,७५०.

खरा हप्ता या दोन्हींपेक्षा मोठा आणि दोन्हींच्या बेरजेपेक्षा (१२,०८३) लहान असलाच पाहिजे. ८,३३३ मध्ये ३,७५० चा निम्मा मिळवला तर १०,२०८ येतात. खरा हप्ता त्याहून थोडा वर, १०,३७९. आता वरचे दोन चुकीचे आकडे तपासा. ४५,२५७ कुंपणाबाहेर आहे. ८,४९३ कुंपणात बसतो खरा, पण तळाला चिकटलाय, म्हणजे व्याज जवळपास नाहीच. एवढ्यावरून शंका यायला हवी.

ही तपासणी मी प्रत्येक वेळी करा म्हणेन, यंत्र कितीही सवयीचं असलं तरी. उत्तर पूर्ण आत्मविश्वासाने दोन दशांशांपर्यंत दिसतं, आणि चुकलेलं उत्तरही तसंच दिसतं.

नवखा_गणक

आला, १०,३७९.१८. एंटरच राहत होता. पडद्याच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरांत बीजीएन दिसतंय, ते असू द्यायचं का?

दशांशचिन्ह

बीजीएन खरोखर चालू असता तर हप्ता १०,३०१.९१ आला असता. तुमचा १०,३७९.१८ आलाय, म्हणजे ती खूण तुम्ही गणित केल्यानंतर कधीतरी चुकून चालू झाली असणार. सेकंड, बीजीएन (पीएमटीच्या वर), सेकंड, सेट, सेकंड, क्विट. खूण गेली की एंड मोड.

एंड म्हणजे हप्ता महिन्याच्या शेवटी, बीजीएन म्हणजे सुरुवातीला. नेहमीच्या कर्जात पहिला हप्ता कर्ज मिळाल्यावर महिन्याने जातो, म्हणून एंड. भाडं, विम्याचा हप्ता, किंवा खातं उघडतानाच पहिली रक्कम भरावी लागते अशी आवर्ती ठेव, इथे बीजीएन. १२सीवर जी ७ म्हणजे सुरुवात, जी ८ म्हणजे शेवट, आणि सुरुवातीच्या मोडमध्ये पडद्यावर बिगिन दिसतं. एंड मोडची वेगळी खूण दिसत नाही.

तिमाही

ठेवींबद्दल लिहितो, कारण मोडचा फरक तिथे लगेच कळतो.

दरमहा ५,०००, १० वर्षं, ८ टक्के, व्याज मासिक चक्रवाढ. एन १२०, आय/वाय ८, पीव्ही ०, पीएमटी −५०००, सीपीटी एफव्ही.
एंड: ९,१४,७३०.१८
बीजीएन: ९,२०,८२८.३८
प्रत्येक रक्कम एक महिना जास्त राबते, त्याचे ६,०९८.

पण ठेवीवरचं व्याज दर महिन्याला चक्रवाढ होतंच असं नाही. पुष्कळ ठेवींत रक्कम मासिक भरायची आणि व्याज तिमाहीला मुद्दलात मिळवायचं असतं. बीए टू प्लसवर त्यासाठी पी/वाय १२ आणि सी/वाय (व्याज वर्षातून किती वेळा मुद्दलात मिळवायचं) ४. क्रम महत्त्वाचा: आधी पी/वाय १२ एंटर, मग खालचा बाण, सी/वाय ४ एंटर. पी/वाय भरला की सी/वाय आपोआप तेवढाच होतो, म्हणून सी/वाय आधी भरला तर पुसला जाईल. वरच्याच ठेवीचे बीजीएनमध्ये आता ९,१८,०८४ येतात, म्हणजे मासिक चक्रवाढीपेक्षा पावणेतीन हजारांनी कमी.

१२सीला पी/वाय, सी/वाय हा प्रकार नाही. तिथे मासिक दर हाताने काढावा लागतो. तिमाहीला २ टक्के, त्याचं घनमूळ:
१.०२ एंटर, ३, १/एक्स, वायचा एक्स घात. पडद्यावर १.०१ दिसेल, आत पूर्ण १.००६६२२७१ असतं.
१ −, १०० ×, आय.

मधला आकडा पाहून पुन्हा टाइप करू नका, तसाच आयमध्ये ढकला.

पाचबटणं

ही शेवटची ओळ नीट लक्षात घ्यावी. पडद्यावर दोन दशांश दिसतात म्हणून यंत्राला तेवढेच ठाऊक असतात असं नाही. ८.५ टक्के भागिले १२ म्हणजे ०.७०८३३…, पडद्यावर ०.७१. ते कागदावर लिहून नंतर ०.७१ भरलं, तर २०,००,००० च्या २४० हप्त्यांच्या कर्जाचा हप्ता १७,३५६.४७ ऐवजी १७,३८१.७९ येतो. दरमहा २५ चा फरक, पूर्ण मुदतीत सहा हजारांच्या वर. दर काढताना चार-पाच दशांश दिसू द्या: १२सीवर एफ ५, बीए टू प्लसवर सेकंड, फॉरमॅट, ५, एंटर.

नवखा_गणक

एक अडलंय. उद्दिष्ट १०,००,०००, मुदत ८ वर्षं, दर वार्षिक ७ टक्के, चक्रवाढ मासिक, सुरुवातीला काही नाही. दरमहा ७,८०० भरावे लागतील असं आलं. आता २,००,००० आधीच शिल्लक आहेत असं धरून पीव्ही २००००० भरलं तर दरमहा १०,५२७ दाखवतोय. हाताशी पैसे असताना हप्ता वाढतो कसा?

शिल्लकबाकी

पीव्ही अधिक भरल्यामुळे यंत्राने ते दोन लाख कर्ज धरले. तुम्ही आज दोन लाख घेताय, ते सव्याज फेडताय आणि वर दहा लाखही जमवताय, असं गणित झालं.

शिलकीतले दोन लाख तुम्ही ठेवीत घालताय, ते हातातून गेले. म्हणून −२०००००. दरमहा भरणंही उणे, आणि शेवटी मिळणारे दहा लाख अधिक. आता ५,०७४ येईल.

चिन्हाचा नियम एकच ठेवा: पैसा माझ्याकडे आला की अधिक, माझ्याकडून गेला की उणे. “कर्ज म्हणजे उणे, ठेव म्हणजे अधिक” असं पाठ केलं की गोंधळ होतो, कारण ठेव टाकताना पैसा जातच असतो. उणे करायला आकडा टाइप करून मग +/− (१२सीवर सीएचएस). वजाबाकीचं बटण नाही. कॅसिओवर मात्र कंसातलं उणे आकड्याच्या आधी.

सगळी चिन्हं सारखी ठेवून दर काढायला गेलात तर बीए टू प्लसवर एरर ५ येतो. १२सीही चिन्हं जुळली नाहीत की एरर ५ च देतो. पैसा नुसताच येतोय किंवा नुसताच जातोय, मग दर काढणार कुठून? हा एरर दिसला की आधी चिन्हं तपासा.

तिमाही

आता दर काढण्याकडे वळू या का? माझ्या मते धाग्याचा गाभा तिथेच आहे.

दशांशचिन्ह

हो. फ्लॅट दरापासून सुरू करतो.

कर्ज १,००,०००, दर “फक्त १० टक्के फ्लॅट”, ३ वर्षं. हिशेब असा मांडतात: एक लाखावर वर्षाला १०,०००, तीन वर्षांचे ३०,०००, एकूण १,३०,०००, भागिले ३६, हप्ता ३,६११.११. यात प्रत्येक महिन्याला मुद्दल फिटत असूनही व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतंय.

यंत्रात भरा: एन ३६, पीव्ही १०००००, पीएमटी −३६११.११, एफव्ही ०, सीपीटी आय/वाय. एक-दोन क्षण थांबतं, कारण दरासाठी थेट सूत्र नाही, यंत्र अंदाज सुधारत सुधारत जातं. उत्तर १७.९२ टक्के. १२सीवर मासिक १.४९ दिसेल, त्याला १२ ने गुणा.

म्हणजे घटत्या शिलकीवर १७ टक्के सांगणारा दुसरा कुणी असेल, तर तो या “१० टक्क्यां”पेक्षा स्वस्त आहे.

आता यात २ टक्के प्रक्रिया शुल्क आधीच कापून घेतलं तर हातात ९८,००० आले. कागदावर कर्ज एक लाखाचंच असतं, पण पीव्ही म्हणजे हातात पडलेली रक्कम. पीव्ही ९८००० करा, बाकी काही हलवू नका, पुन्हा सीपीटी आय/वाय: १९.३८. कापून घेतलेला विमा, कागदपत्रांचा खर्च, जे काही आधी जातं ते सगळं पीव्हीतून वजा.

पाचबटणं

फ्लॅट दराला १.८ ने गुणा, खरा दर मिळतो, असा ठोकताळा सांगतात. जागेवर बोलताना चालतो, पण मुदतीप्रमाणे सरकतो. १० टक्के फ्लॅटचे खरे दर: १२ हप्ते १७.९७, ३६ हप्ते १७.९२, ६० हप्ते १७.२७. सही करण्याआधी यंत्रावर काढाच.

आणि १७.९२ हा सुद्धा नाममात्र वार्षिक दर, म्हणजे मासिक दर गुणिले १२. चक्रवाढीसकट प्रभावी दर पाहायचा तर बीए टू प्लसवर सेकंड, आयकॉन्व्ह (२ च्या बटणावर): नॉममध्ये १७.९२, सी/वाय १२, मग ईएफएफवर जाऊन सीपीटी. साधारण साडेएकोणीस.

शिल्लकबाकी

इथे थोडा मतभेद नोंदवतो. कर्जांची तुलना करताना प्रभावी दर मध्ये आणला की लोक एकीकडचा नाममात्र आणि दुसरीकडचा प्रभावी शेजारी ठेवतात, आणि तुलना बिघडते. दोन्ही कर्जं मासिक हप्त्यांची असतील तर दोन्हींचा नाममात्र दर पुरतो.

पाचबटणं

मान्य, दोन्ही मासिक असतील तर. पण एक कर्ज मासिक आणि दुसरं तिमाही किंवा वार्षिक हप्त्यांचं असेल, तर प्रभावी दराशिवाय तुलना होतच नाही. कर्जाच्या दराची ठेवीच्या दराशी तुलना करतानाही तेच.

तिमाही

बिनव्याजी हप्त्यांचं उदाहरणही यातच बसतं. वस्तू ६०,००० ची, १२ हप्ते ५,००० चे, “व्याज शून्य”. तीच वस्तू एकरकमी घेतली तर ५६,००० ला. मग वस्तूची आजची किंमत ५६,००० आहे, ६०,००० नाही. एन १२, पीव्ही ५६०००, पीएमटी −५०००, एफव्ही ०, सीपीटी आय/वाय: १२.९३.

पहिला हप्ता खरेदीच्याच दिवशी भरायचा असेल तर बीजीएन लावा. दर १५.३६ होतो. हप्ता तोच, वस्तू तीच, नुसता एक महिना अलीकडे सरकल्याने दर जवळपास अडीच टक्क्यांनी चढला. लहान मुदतीत मोडची चूक किती महाग पडते ते इथे दिसतं.

एकरकमी घेतल्यावरही सूट मिळत नसेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पीव्ही ६०,०००, आणि दर खरोखरच शून्य.

नवखा_गणक

मधेच जास्तीची रक्कम भरली तर किती फायदा, ते कसं काढायचं? पाच लाखांच्याच उदाहरणात २४ हप्त्यांनंतर ५०,००० भरले असं धरू.

शिल्लकबाकी

आधी २४ हप्त्यांनंतरची शिल्लक. मूळ पाचही आकडे यंत्रात आहेत आणि पीएमटी काढून झालाय, हे पाहून घ्या. बीए टू प्लसवर सेकंड, अमॉर्ट (पीव्हीच्या वर; हप्त्यांतलं मुद्दल आणि व्याज वेगळं करून दाखवतं). पी१ मध्ये १ एंटर, खालचा बाण, पी२ मध्ये २४ एंटर, मग खालच्या बाणाने एकेक:
बीएएल ३,२६,३९२ (शिल्लक)
पीआरएन −१,७३,६०८ (फिटलेलं मुद्दल)
आयएनटी −७५,४९२ (गेलेलं व्याज)

४० टक्के हप्ते गेले, पण मुद्दल ३५ टक्क्यांहूनही कमी फिटलं. पहिल्या हप्त्यात ३,७५० व्याज आणि ६,६२९ मुद्दल होतं, म्हणून. कॅसिओवर हेच एएमआरटी मोडमध्ये, पीएम१ आणि पीएम२ भरून.

आता ५०,००० वजा, शिल्लक २,७६,३९२. पुढे दोन वाटा.

हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा: पीव्ही २७६३९२, पीएमटी −१०३७९.१८, एफव्ही ०, सीपीटी एन. उत्तर २९.८२. म्हणजे २९ पूर्ण हप्ते आणि एक अपुरा. अपुरा किती? एन ३० करा, सीपीटी एफव्ही: १,८९१, म्हणजे तिसावा हप्ता पूर्ण दिला तर एवढे जास्त जातात. १०,३७९ मधून ते वजा, शेवटचा हप्ता ८,४८८. उरलेलं एकूण व्याज सुमारे ३३,०९२.

मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा: एन ३६, सीपीटी पीएमटी: ८,७८९. उरलेलं व्याज सुमारे ४०,०१९.

काहीच भरलं नसतं तर उरलेलं व्याज ४७,२५८ होतं. पहिल्या वाटेने १४,१६६ वाचतात, दुसऱ्या वाटेने ७,२३९.

पाचबटणं

गणित बरोबर आहे, पण यावरून पहिली वाट दुप्पट फायद्याची असा अर्थ काढू नये. दोन्हीकडे दर ९ टक्केच आहे. पहिल्या वाटेत दरमहा १,५९० जास्त जात राहतात, म्हणजे मुद्दल लवकर परत जातं आणि त्यामुळे व्याज कमी लागतं. ते १,५९० दुसरीकडे ९ टक्क्यांहून जास्त दराने खात्रीने गुंतत असतील तर दुसरी वाट बरी, नसतील तर पहिली. आणि मुदतपूर्व भरण्यावर शुल्क असेल तर ते त्या ५०,००० मधून आधी वजा करून मगच हिशेब मांडावा.

दशांशचिन्ह

१२सीवाल्यांसाठी तीन सूचना.

एक, तिथे एन काढला की यंत्र वरचा पूर्णांक दाखवतं. वरच्या गणितात २९.८२ न येता सरळ ३० येईल. दशांश भाग ०.००५ पेक्षा कमी असेल तेव्हाच खालचा. ८ टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं हे करून पाहा (पीव्ही −१, एफव्ही २, पीएमटी ०, आय ८). खरं उत्तर ९.००६, पण १२सी १० दाखवतो. एन आल्यावर पुन्हा एफव्ही दाबला की किती जास्त झालं ते कळतं.

दोन, १२सीचं एफ अमॉर्ट गणित करता करता पीव्ही आणि एन दोन्ही बदलतं. २४ एफ अमॉर्ट केल्यावर आधी व्याज दिसतं, एक्स-वाय अदलाबदल केली की मुद्दल, आणि आरसीएल पीव्ही केलं की शिल्लक. त्यानंतर पीव्हीमध्ये पाच लाख राहिलेले नसतात. लगेच दुसरं गणित केलं तर ते शिलकीवर होतं. शिवाय अमॉर्ट पडद्यावर जितके दशांश आहेत तितक्यावरच आकडे गोल करतं, म्हणून तिथे मात्र दोन दशांशच ठेवा.

तीन, शंका आली की आरसीएल (साठवलेला आकडा दाखवणारं बटण). आरसीएल एन, आरसीएल आय असं पाचही वाचून घ्या. अर्ध्या चुका तिथेच सापडतात: मागच्या गणिताचा एफव्ही राहिलेला असतो.

तिमाही

तो राहिलेला एफव्ही मुद्दाम वापरायचीही एक जागा आहे. काही कर्जांत हप्ते लहान ठेवून शेवटी एक मोठी रक्कम मागतात. ५,००,०००, ९ टक्के, ४८ हप्ते आणि अखेरीस १,५०,०००: एफव्ही −१५००००, हप्ता ९,८३५. हप्ता हलका वाटतो, पण ते दीड लाख पूर्ण ४८ महिने व्याज खातात.

नवखा_गणक

कर्जाच्या कागदावर हप्ता १०,३८० आहे, यंत्रावर १०,३७९.१८. आणि एकूण व्याज काढायला ५००००० − ६० × १०३७९.१८ केलं तर भलतीच मोठी संख्या येते.

दशांशचिन्ह

पहिलं: हप्ता पूर्णांकात वर गोल करतात आणि शेवटच्या हप्त्यात भरून काढतात. पीएमटी −१०३८० भरून सीपीटी एफव्ही करा, ६२.०३ येईल. शेवटचा हप्ता तेवढ्याने कमी, म्हणजे १०,३१७.९७. परतफेडीच्या तक्त्यातली शेवटची ओळ याच्याशी ताडून पाहा. कर्ज मिळाल्यापासून पहिल्या हप्त्यापर्यंत ४५ दिवस गेले असतील तर वरच्या १५ दिवसांचं व्याज वेगळं लागतं: ५,००,००० × ९ टक्के × १५ ÷ ३६५ = १,८४९.३२. ते पहिल्या हप्त्यात मिळवलंय की आधीच कापलंय, हे विचारून घ्या.

दुसरं: बीए टू प्लस मुळात सीएचएन पद्धतीत असतो, म्हणजे डावीकडून येईल तसं करत जातो. २ + ३ × ४ चं उत्तर २० देतो. तुमच्या गणितात पाच लाखांतून आधी ६० गेले आणि मग गुणाकार झाला. सेकंड, फॉरमॅटमध्ये वरच्या बाणाने सीएचएनवर जाऊन सेकंड, सेट केलं की एओएस होतं, मग गुणाकार आधी. सीएचएनच ठेवायचं असेल तर गुणाकार आधी टाइप करा: ६० × १०३७९.१८ − ५००००० =, व्याज १,२२,७५०.८०.

शिल्लकबाकी

हप्ते सारखे नसतील, म्हणजे पहिले सहा महिने कमी आणि नंतर जास्त, किंवा मधे दोन महिने सवलत, तर पाच बटणांनी भागत नाही. बीए टू प्लसवर सीएफ (वेगवेगळ्या रकमा क्रमाने भरायची जागा) घ्या. सीएफओमध्ये हातात आलेली रक्कम अधिक, मग सी०१ मध्ये पहिला हप्ता उणे आणि एफ०१ मध्ये तो सलग किती वेळा, असं पुढे. सवलतीचे महिने वगळायचे नाहीत, तिथे रक्कम ० आणि एफमध्ये २ भरायचे, नाहीतर पुढचे सगळे हप्ते दोन महिने अलीकडे सरकतात आणि दर फुगतो. सुरू करण्यापूर्वी सीएफमध्ये शिरून सेकंड, सीएलआर वर्क. शेवटी आयआरआर (त्या रकमांवरून निघणारा दर), सीपीटी. येणारं उत्तर मासिक असतं. आयआरआर पी/वायकडे पाहत नाही, १२ ने तुम्हीच गुणायचं.

नवखा_गणक

३६ हप्त्यांच्या फ्लॅटच्या उदाहरणावर करून पाहिलं: सीएफओ १०००००, सी०१ −३६११.११, एफ०१ ३६. आयआरआर १.४९३१, गुणिले १२ म्हणजे १७.९२. जुळलं.